तीन वाफे भरायला माती किती मागवायची? दोन ब्रास की अर्धा?

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात रो-हाऊसच्या मागच्या अंगणात विटांचे तीन वाफे बांधून घेतले आहेत. प्रत्येक वाफा १२ फूट लांब, ४ फूट रुंद आणि दीड फूट उंच. खाली फरशी नाही, मूळची जमीनच आहे. मातीवाला म्हणतो सव्वादोन ब्रास लागेल, माळीकाका म्हणतात एक ब्रास रग्गड झाली. शिवाय गच्चीवर ८ बाय ३ चा एक वाफा करायचा आहे, त्यात फूटभर माती घालायचा विचार आहे. किती मागवावी, आणि पावसाच्या आधी की नंतर?

ताई, आधी उत्तर देतो, मग हिशेब. अंगणातल्या तिन्ही वाफ्यांना मिळून विकतची माती साधारण साठ घनफूट लागेल, म्हणजे अर्ध्या ब्रासपेक्षा थोडी जास्त. त्याच्या जोडीला पस्तीसेक गोणी शेणखत आणि बावीस-तेवीस गोणी भाताचं तूस किंवा तत्सम हलका माल (एक गोणी म्हणजे साधारण एक घनफूट). गच्चीवर फूटभर माती घालू नका. त्याचं कारण पुढे सविस्तर लिहिलंय आणि ते गमतीत घेण्यासारखं नाही.

मातीवाल्याने तुम्हाला फसवलंय असं मी म्हणणार नाही. त्याने १२ गुणिले ४ गुणिले दीड केलं, ७२ घनफूट आले, तीन वाफ्यांचे २१६, ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणून दोनच्या वर, आणि वरचं धरून सव्वादोन. गुणाकार बरोबर आहे. फक्त तो वाफ्याच्या बाहेरच्या मापाचा, काठोकाठ भरलेला आणि निव्वळ मातीचा आहे. आपल्याला या तिन्ही गोष्टी करायच्या नाहीत.

पहिलं म्हणजे टेप आतून लावा. हे फार क्षुल्लक वाटतं, पण सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो. तुमचं बांधकाम अर्ध्या विटेचं, म्हणजे साडेचार इंची असणार, आणि आतून गिलावा केला असेल तर प्रत्येक बाजूची भिंत पाच इंच धरा. बारा फुटांतून दहा इंच गेले, चार फुटांतूनही दहा इंच गेले. उरले ११ फूट २ इंच आणि ३ फूट २ इंच. क्षेत्रफळ ४८ चौरस फुटांवरून थेट साडेपस्तीसच्या आत आलं. म्हणजे चौथ्या हिश्शाहून जास्त जागा विटांनीच खाल्ली. वाफा जितका अरुंद तितका हा तोटा मोठा. १० बाय ३ चा वाफा असता तर जवळजवळ एकतृतीयांश गेला असता. कोकणात जांभ्याच्या चिऱ्याचे वाफे बांधतात, तिथे भिंत याहून जाड, त्यामुळे तिथे बाहेरचं माप घेऊन माती मागवली की अंगणात ढीग उरलाच म्हणून समजा.

दुसरं, वाफा काठोकाठ भरत नाहीत. पाणी घातल्यावर ते जिरेपर्यंत उभं राहायला वर जागा लागते, आणि वरून पाल्याचं आच्छादन घालाल त्यालाही लागते. दोन इंच हे कमीत कमी, मी अडीच ठेवतो. आपल्याकडे वळवाचा पाऊस कसा कोसळतो ते तुम्हाला सांगायला नको. काठोकाठ भरलेल्या वाफ्यातलं वरचं चांगलं खत पहिल्या अर्ध्या तासात फरशीवर आलेलं असतं. तर १८ इंचांतून अडीच गेले, साडेपंधरा उरले. साडेपंधरा इंच म्हणजे १.२९ फूट. ३५.४ ला १.२९ ने गुणलं की एका वाफ्याची खरी पोकळी ४६ घनफुटांच्या आत येते. तिन्हींची मिळून १३७. बघा, अजून मातीच्या प्रकाराबद्दल एक शब्दही बोललो नाही आणि २१६ चे १३७ झाले.

आता या पोकळीत काय भरायचं ते. खालचे पाच इंच मी कधीच विकतच्या मातीने भरत नाही. तुम्हाला काय लावायचंय ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण रो-हाऊसच्या अंगणातली यादी मला साधारण माहीत आहे: मेथी, कोथिंबीर, पालक, चार वांगी, मिरच्या, टोमॅटो, कडेने एखादा दोडका किंवा कारलं. पालेभाज्यांना सहा-आठ इंच पुरतात. टोमॅटो-वांग्याला फूटभर हवं. वेलांना दीड फूट मिळालं तर ते खूश. तुमचा वाफा खाली जमिनीला उघडा आहे, त्यामुळे भरण्याआधी तळाची जमीन टिकावाने सहा इंच खणून भुसभुशीत केलीत की मुळांना ती खोली फुकटात मिळाली. ती मागवायच्या मालात मोजायचीच नाही.

त्या खणलेल्या जमिनीवर वाळका पालापाचोळा, नारळाच्या शेंड्या, बारीक फांद्या, उसाचं चिपाड. रसवंतीवाल्याला दोन दिवस आधी सांगून ठेवलं तर तो पोती भरून चिपाड देतो, त्यालाही ते टाकायलाच जावं लागतं. हे सगळं सैल असताना नऊ-दहा इंच भरतं, पायाने तुडवून आणि पाणी मारून पाचावर आणायचं. तुडवल्याशिवाय मोजलंत तर हिशेब फसला. गच्चीवरच्या बागांमध्ये कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवारापासून, म्हणजे प्रयोगशील शेतकऱ्यांच्या गटापासून, ही पद्धत आपल्याकडे रुजली. माती कमी आणि कुजणारा काडीकचरा जास्त. ते लोक तर यापेक्षाही कितीतरी कमी मातीत भाजी काढतात. मी तितका पुढे जात नाही, कारण निव्वळ पाल्याच्या वाफ्याला उन्हाळ्यात दिवसातून दोनदा पाणी द्यावं लागतं आणि नोकरदार घरात ते होत नाही.

एक मध्येच सांगतो. तळाला विटांचे तुकडे, खडी किंवा मुरूम घालायचा आग्रह बरेच जण धरतात, निचरा चांगला होतो म्हणून. खाली उघडी जमीन असलेल्या वाफ्यात त्याची काही गरज नाही. पाणी जमिनीतच जाणार आहे. चार इंच खडी घातली म्हणजे मुळांची चार इंच जागा गेली, एवढंच.

पाच इंच पाल्याचे काढले की उरले साडेदहा इंच. तिन्ही वाफ्यांचे मिळून ९३ घनफूट. हा आकडा लिहून ठेवा, कारण आपलं खरं गिऱ्हाईक हाच आहे. पण हे बसलेल्या मालाचं माप आहे आणि तुम्ही विकत घेणार तो सैल माल. बहुतेक लोक इथेच अडकतात. इतका वेळ आपण कमी कमी करत आलो, आता थोडं वाढवायचंय.

माती खणली की फुगते, गाडीत धक्के खात थोडी बसते, वाफ्यात टाकली की परत सैल, आणि दोन-तीन पाणी दिल्यावर खाली जाते. वर मिश्रण करताना आणखी एक गोष्ट होते: पोतंभर बटाट्यात पायलीभर गहू ओतले तर पोतं पायलीने वाढत नाही, गहू फटीत जातात. तसंच बारीक माती शेणखताच्या आणि तुसाच्या पोकळ्यांत शिरते. पाच घमेली माती, तीन शेणखत आणि दोन तूस यांचं दहा घमेली मिश्रण कधीच होत नाही.

किती कमी होतं हे पुस्तकी आकड्यावर सोडू नका, बादलीत बघा. रंगाची २० लिटरची रिकामी बादली घ्या. तिच्यात एकेक लिटर पाणी ओतत आतून मार्करने रेघा मारा, मग पाणी ओतून द्या आणि तळाला पाच-सहा भोकं पाडा. आता लिटरभराच्या डब्याने दहा डबे माती, सहा डबे शेणखत, चार डबे तूस. डबा दाबून भरायचा नाही, आपटायचा नाही, वरून पट्टीने सपाट करायचा. हे बाहेर पोत्यावर नीट कालवून बादलीत टाका. टाकतानाच दिसेल की वीसच्या रेघेला पोचत नाही. मग झारीने सावकाश पाणी द्या, खालून गळेपर्यंत. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी रेघ वाचा. पोयटा माती (ना फार चिकण, ना फार वाळूची) आणि बरं मुरलेलं शेणखत असेल तर साधारण सोळाच्या आसपास थांबतं. वीस भागिले सोळा म्हणजे सव्वापट. शेणखत अर्धवट कुजलेलं असेल तर चौदावरही जाईल. तुमच्या बादलीत जो आकडा येईल तोच तुमचा, माझा सोळा धरून बसू नका.

इथे गणितातली एक बारीक खोच आहे. वीसचे सोळा झाले म्हणजे माल वीस टक्के बसला, म्हणून लोक मागणीत वीस टक्के वाढवतात. पण सोळाचे परत वीस करायला पंचवीस टक्के लागतात. तीन वाफ्यांना हा फरक चार-पाच गोण्यांचा असतो. म्हणून टक्केवारीत न जाता सरळ वीस भागिले उरलेले लिटर करा.

तर ९३ च्या सव्वापट ११६ घनफूट सैल माल. त्यात अर्धी माती म्हणजे ५८, तीन दशांश शेणखत म्हणजे ३५, दोन दशांश तूस किंवा कोकोपीट म्हणजे २३. झाला हिशेब. ज्या मातीचे सव्वादोन ब्रास सांगितले होते ती ५८ घनफुटांवर आली. माळीकाकांचा एक ब्रास वाफ्यांच्या एकूण मालाच्या जवळ जाणारा होता, त्यांना मातीच म्हणायची होती की सगळं मिळून, ते एकदा विचारून घ्या. जुन्या माळ्यांचा अंदाज सहसा फार चुकत नाही, फक्त ते कशाचा अंदाज सांगतायत ते आपण नीट ऐकत नाही.

आता हा माल प्रत्यक्ष कोणत्या मापात येतो ते बघू. सिमेंटची ५० किलोची रिकामी गोणी हे आपल्याकडचं सगळ्यात सोयीचं माप. सिमेंटने ती ३५ लिटर, म्हणजे सव्वा घनफूट भरलेली असते. पण माती भरून तोंड सुतळीने बांधायचं तर एक घनफूटच बसते. म्हणून एक गोणी म्हणजे एक घनफूट, आणि शंभर गोण्यांचा एक ब्रास. लक्षात ठेवायलाही सोपं. घनफुटाचे लिटर २८.३, म्हणजे रंगाच्या बादलीने जवळजवळ दीड बादली. घमेल्याचा आकडा मी देत नाही, घमेली लहानमोठी असतात. तुमच्या घमेल्यात किती बादली बसते ते एकदा बघून घ्या.

तयार मिश्रणाच्या पिशव्या नर्सरीत किलोवर मिळतात, त्यांच्या नादी लागायचं तर फक्त लिटरवर विकणाऱ्याकडून घ्या. कोकोपीट आणि शेणखत स्वतःच्या वजनाएवढं पाणी सहज धरून ठेवतात, किलोवर घेतलेल्या पिशवीत तुम्ही पाण्याचे पैसे देत असता. तसंही तुमच्या ११६ घनफुटांना ४० लिटरच्या ब्याऐंशी पिशव्या लागतील. भाव विचारलात तर स्वतःच कालवायचा निर्णय आपोआप होईल.

डंपरवाला ब्रासवर बोलतो. त्याच्याशी वाद घालायचा नसेल तर गाडी रिकामी व्हायच्या आधी हौद्याचं माप घ्या: आतली लांबी, आतली रुंदी, आणि मातीची उंची फाळक्यापाशी, मध्ये आणि केबिनपाशी अशी तीन ठिकाणी घेऊन सरासरी. मध्ये डोंगर असतो आणि कोपरे रिकामे असतात, म्हणून नुसती मधली उंची धरायची नाही. ते जमलं नाही तर ओतल्यावर ढीग मोजा. ढीग गोल शंकूसारखा पडला असेल तर बुडाभोवती टेप फिरवून घेर मोजा, घेराला घेराने गुणा, उंचीने गुणा आणि ३८ ने भागा. घेर २६ फूट आणि उंची ३ फूट आली तर सहाशे शहात्तर गुणिले तीन भागिले अडतीस, म्हणजे ५३ घनफूट. उंचीसाठी ढिगात गज खुपसा, जमिनीला टेकला की माथ्याच्या पातळीवर बोट धरा आणि बाहेर काढून मोजा. डंपरचा ढीग लांबट पडतो, तिथे हे सूत्र थोडं चुकतं, पण अर्धा ब्रास आणि एक ब्रास यातला फरक कळायला पुरेसं आहे.

अर्ध्या ब्राससाठी डंपर येणार नाही. मग लोक छोटा हत्ती बोलावतात. त्याचा हौदा सुमारे सात फूट लांब, पावणेपाच फूट रुंद, फूटभर उंच, म्हणजे तेहतीस-चौतीस घनफूट. वाटतं दोन खेपांत काम झालं. पण मातीचं वजन विसरू नका. सैल, जरा दमट माती घनफुटाला चाळीस किलोच्या आसपास भरते. हौदा काठोकाठ भरला तर तेराशे किलो, आणि ती गाडी पाऊण टनाच्या आसपास वजन वाहणारी. चालक तयार होतील, तुम्ही होऊ नका. छोट्या हत्तीच्या तीन खेपा किंवा मोठ्या पिकअपच्या दोन. सोसायटीत आणखी कुणाला माती हवी असेल तर मिळून एक ब्रास मागवणं सगळ्यात स्वस्त पडतं. माती आणि मुरूम गौण खनिजात येतात, त्यामुळे वाहतुकीचा परवाना दाखव म्हणायला लाजू नका. ज्याच्याकडे असतो तो दाखवतो.

कोणती माती, हा वेगळा विषय आहे, पण मापाशी त्याचा संबंध आहे म्हणून थोडं लिहितो. पोयटा मागा. निव्वळ काळी माती वाफ्यात घेतली तर ती पावसाळ्यात फुगते आणि मार्चमध्ये भेगा पडून भिंतीपासून बोटभर सुटते. पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं आणि रोप तहानलेलं राहतं. ओल्या काळ्या मातीचा दाब अर्ध्या विटेच्या भिंतीलाही सोसत नाही. तुमच्या भिंतींना तळाशी पाणी जायला नळीची भोकं ठेवली नसतील तर भरण्याआधी ठेवून घ्या. तलावाचा गाळ हल्ली सहज मिळतो. २०१७ पासून राज्यात गाळमुक्त धरण आणि गाळयुक्त शिवार ही योजना चालली, तेव्हापासून त्याचं नाव झालंय. हलक्या, मुरमाड शेतात पसरायला तो उत्तम. वाफ्यात मात्र नुसता गाळ घातला तर थापीने लिंपल्यासारखा बसतो. चार भाग पोयट्यात एक भाग, त्यापुढे नको. तांबडी माती बसते कमी आणि निथळते चांगली, पण तिच्यात स्वतःचा कस थोडा, तिला शेणखत जास्त लागतं.

इमारतीच्या पायाच्या खोदाईची माती फुकट मिळते म्हणून भुलू नका. वरची फूट-दीड फूट बरी असते, त्याखालून मुरूम आणि चुनखडी येते. गाडीतून ओंजळभर घ्या, पाणी शिंपडून लाडू वळा. लाडू वळला पाहिजे आणि अंगठ्याने टिचकी मारल्यावर फुटला पाहिजे. वळतच नसेल तर वाळू-मुरूम जास्त, दाबल्यावर चपटा होऊन चिकटत असेल तर चिकण जास्त. ओंजळीत काळपट, सुपारीएवढ्या गाठी दिसल्या तर गाडी परत पाठवा. त्या लव्हाळ्याच्या, म्हणजे नागरमोथ्याच्या गाठी. एकदा वाफ्यात शिरल्या की तुम्ही घर विकाल पण लव्हाळा जाणार नाही.

शेणखत पूर्ण कुजलेलं हवं. हातात घेतल्यावर गरम लागू नये, शेणाचा वास येऊ नये, चाळल्यावर चहापत्तीसारखं पडावं. ढिगात पांढऱ्या, वाकड्या, जाड अळ्या दिसल्या तर ती हुमणी असू शकते, तो माल घेऊ नका. तूस मावळ, मुळशी, भोर या भाताच्या पट्ट्यातल्या गिरण्यांवर मिळतं, कोकोपीटपेक्षा फारच स्वस्त. कोकोपीटच घ्यायचं झालं तर पाच किलोची वीट भिजून साठ-सत्तर लिटर होते, म्हणजे सव्वादोन-अडीच घनफूट. तुम्हाला दहा विटा लागतील. निम्मं तूस आणि निम्मं कोकोपीट असंही चालतं, मी बहुतेक ठिकाणी तसंच करतो.

आता गच्ची. ८ बाय ३ म्हणजे २४ चौरस फूट, फूटभर माती म्हणजे २४ घनफूट. आकडा छोटा वाटतो. पण पावसात पूर्ण भिजलेली, बसलेली माती घनफुटाला पन्नास किलोच्या घरात जाते. म्हणजे बाराशे किलो, तेही सव्वादोन चौरस मीटरवर. चौरस मीटरला सव्वापाचशे किलोंच्या पुढे. वापरात असलेल्या गच्चीचा स्लॅब भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागाप्रमाणे, चौरस मीटरला दीडशे किलोच्या वापराच्या भारासाठी धरतात. तुमची माती त्याच्या साडेतीनपट झाली. स्लॅब उद्या कोसळेल असं म्हणत नाही, पण ज्या भारासाठी तो बांधलाच नाही तो तुम्ही कायमचा त्याच्या डोक्यावर ठेवताय, आणि खालची बेडरूम तुमचीच आहे.

हलकं मिश्रण केलं, कोकोपीट, पालापाचोळ्याचं खत आणि थोडीशी माती, तर भिजल्यावर घनफुटाला तीसेक किलो भरतं. आठ इंच जाडी घेतली तर चौरस फुटाला वीस किलो, चौरस मीटरला दोनशे पंधरा. तेही दीडशेच्या वरच. पाच इंच जाडीला ते दीडशेच्या आत येतं, आणि पाच इंचांत मेथी, कोथिंबीर, पालक, पुदिना छान येतो. टोमॅटोसाठी वाफ्याऐवजी बारा-पंधरा इंची कुंड्या किंवा ग्रो बॅग घ्या, त्या पॅरापेटच्या कडेने, जिथे खाली भिंत किंवा बीम आहे तिथे एका ओळीत ठेवा. मधल्या मोकळ्या स्लॅबवर नाही. पाच इंचांपेक्षा जाड काही करायचंच असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला नकाशा दाखवा आणि त्याच्याकडून लेखी घ्या. वाफा थेट स्लॅबवर न ठेवता विटांच्या ओळींवर उचलून ठेवा, म्हणजे खालून पाणी वाहतं आणि वॉटरप्रूफिंग दिसत राहतं.

पाच इंचांच्या त्या वाफ्याला बसलेला माल दहा घनफूट, सैल मापाने तेरा. हलकं मिश्रण जास्त बसतं, म्हणून तिथे मी एक तृतीयांश वाढवून धरतो. तीन गोण्या माती, बाकी दहा गोण्या खत आणि कोकोपीट. जिन्याने चढवायच्या गोण्या अर्ध्याच भरा, चढवणाऱ्याची कंबर आपल्या कंबरेसारखीच असते.

पावसाच्या आधीच भरा. एप्रिलमध्ये माती कोरडी असते, गाडी गेटपर्यंत येते, ढीग नीट मोजता येतो. जुलैमध्ये आणलेल्या मातीत चिखलाचे पैसे जातात आणि ओल्यात तुडवलेली माती विटेसारखी घट्ट होते. एप्रिलअखेर वाफे भरा, आठवड्यातून एकदा भरपूर पाणी द्या, मेअखेरपर्यंत जे बसायचं ते बसेल. म्हणून सगळं मिश्रण एकदम ओतू नका. दहा-बारा गोण्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली राखून ठेवा आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पातळी बघून वरून घाला. या राखीव गोण्या ११६ मधल्याच आहेत, वेगळ्या मागवायच्या नाहीत. तरीही कमी पडल्या तर शेणखत घाला, परत माती आणायच्या फंदात पडू नका.

तळातला पाला कुजत जाईल तसे वाफे पहिल्या वर्षी आणखी तीन-चार इंच खाली जातील. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, तो कुजलेला पालाच तुमचं खत झालेला असतो. तीन इंच धरले तर तिन्ही वाफ्यांना सव्वीस-सत्तावीस घनफूट भर लागते, दुसऱ्या वर्षापासून दीड-दोन इंच म्हणजे तेरा ते अठरा. ही भर खताचीच असावी. घरचा ओला कचरा आणि अंगणातला पाला कुजवलात तर त्यातली निम्मी तरी घरातूनच निघेल, बाकीचं शेणखत दिवाळीनंतर घ्या.

अमेरिकेतून हेच विचारणाऱ्यांसाठी एवढंच: तिकडे माती क्यूबिक यार्डवर मिळते, एका यार्डात २७ घनफूट, म्हणजे आपला ब्रास पावणेचार यार्डांच्या जरा आत. युरोपात घनमीटर चालतो, त्यात ३५.३ घनफूट. बाकी टेप आतूनच लावायचा आणि बादली भिजवून बघायची, ते तिकडेही तसंच. मात्र लाकडी फळ्यांचे वाफे असतील तर भिंत इंच-दोन इंचाचीच असते, तिथे बाहेरच्या मापाने फारसं बिघडत नाही.

आता तुमच्याकडून दोन गोष्टी कळवा. भिंतींची जाडी मी अंदाजाने धरली आहे, ती मोजून सांगा. आणि तळाची जमीन पहारीने खणून बघा, सहा इंच सहज जातेय की खाली मुरूम लागतोय. मुरूम लागला तर खालची फुकटची खोली गेली. मग पाल्याचा थर पाचावरून तीन इंचांवर आणावा लागेल आणि माती साठऐवजी सत्तर गोण्या धरावी लागेल.